एकमतातला एक हात

चित्र पुरं झालं की काका कागद माझ्याकडे तोंड करून फिरवायचे, टेबलावरून सरकवायचे, त्यावर पेन्सिल आडवी ठेवायचे आणि म्हणायचे, "घे. नावं तू घाल."

चित्र यंत्राचं असायचं. सगळे भाग सुटे होऊन हवेत ओळीनं थांबलेले, आणि प्रत्येक भागातून एक बारीक रेष बाहेर आलेली. रेषेच्या टोकाला काहीच नाही. तिथं झाकण लिहायचं की टोपण, दांडा की मूठ, हे माझं काम. यंत्रांसोबत खोक्यात जी माहितीपुस्तिका येते, ती चंदीगडच्या आयटी पार्कमधल्या आमच्या छोट्या कंपनीत तयार व्हायची. चित्रं ते काढायचे. मराठी आणि हिंदी मजकूर मी लिहायचे.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. मत विचारायला सगळे त्याच्याकडे जातात, आणि त्याला स्वतःला काय हवं ते कुणी विचारत नाही. आमच्याकडे ते काका होते. पंजाबी मुलं त्यांना 'अंकलजी' म्हणायची.

सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी सगळी नोकरी ड्राफ्ट्समन म्हणून काढली होती. काकू आधीच गेल्या होत्या. निवृत्त झाल्यावर ते मिरजेला मुलाकडे राहायला गेले आणि दोन महिन्यांत परत आले. सेक्टर बावीसमध्ये बसस्टँडजवळ भाड्याची एक खोली घेतली आणि आमच्याकडे वर्षावर्षाच्या करारावर चित्रं काढायला लागले.

"मिरजेला काय कमी होतं काका?" मी एकदा विचारलं.

"काय कमी न्हाई. पलंग हाय, नातू हाय, जेवण गरम हाय." मग तळहात उघडून माझ्यासमोर धरला. "ह्याला काम न्हाई."

असा एक हात त्यांच्या प्रत्येक चित्रात यायचा. स्वतःचा नव्हे, कुणाचा तरी. यंत्राच्या ज्या भागाला माणूस धरतो तिथं ते एक हात काढायचेच. ऑफिसातल्या सगळ्यांचे हात त्यांनी वापरले होते. दवाखान्यातल्या खाटेचा दांडा फिरवणारा हात आमच्या गेटवरच्या गार्डचा आहे. पाणी गाळायच्या यंत्राची कळ दाबणारं बोट माझं आहे, नखावरच्या डागासकट. दूध तपासायच्या यंत्रावर त्यांनी सफाई करणाऱ्या दीदीचा हात काढला, बांगड्या घातलेला. ते चित्र परत आलं. यंत्र बनवणाऱ्यांचं म्हणणं, बांगड्या काढा, बरं दिसत नाही.

काका फोनवर मोडक्या हिंदीत म्हणाले, "गाँव में दूध कौन नापता है जी? आप नापते हो?"

पलीकडून 'नहीं जी' एवढंच आलं.

"तो फिर चूड़ियाँ रहने दो."

बांगड्या राहिल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूची झाले. माझी आई वर्ध्यात अंगणवाडी सेविकांच्या संघटनेचं काम करते. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. घडी घालता घालता वाचायचे. चार ओळींत एक हक्क, एक मागणी, खाली मोर्चाची वेळ. पत्रकात 'कदाचित' हा शब्द नसतो. बांगड्यांची गोष्ट ऐकून आई म्हणाली, "अशा माणसाला जप गं."

मी जपलं नाही. तेच सांगायचं आहे.

काकांकडे लोक सल्ला मागायला यायचे, विशेषतः रविवारी, शहरातली मराठी मंडळी जमली की. प्रयोगशाळेत काम केलेला माणूस म्हणजे त्याला गीझरपासून मोबाईलपर्यंत सगळं कळत असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याच्या बायकोनं एकदा विचारलं, "काका, मुलीला टॅब्लेट घेऊ का? लॅपटॉप आहे घरात, मोबाईल तर आहेच. पण सगळ्यांच्या मुलांकडे आहे."

काका म्हणाले, "पोरगी त्यावर लिहिणार, का बघणार?"

मुलीला मराठी कळत होतं. ती आईच्या मागून हिंदीत म्हणाली, "मम्मी, मैं नोट्स बनाऊँगी, पक्का!"

"बघणारच जास्त," आई म्हणाली.

"मग तिसरं डबडं कशाला आणि? बघायला हाय तो मोबाईल तांब्याला टेकवून ठेवा, चालतंय." सगळे हसले. हसू थांबल्यावर ते मुलीकडे वळून म्हणाले, "आणि बाळा, खरंच लिहिणार असलीस, चित्र काढणार असलीस, तर मला येऊन सांग. मग बोलू आईशी."

मी तिथं होते. तांब्याचं वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मोबाईलवर टिपून घेतलं. त्यापुढचं टिपलं नाही.

त्यानंतरच्या डिसेंबरात ऑफिसात जाहीर झालं की कंपनी सगळ्यांना टॅब्लेट द्यायच्या विचारात आहे. मजकूर होता की लॅपटॉप आणि स्मार्टफोनच्या जोडीला हे साधन असलं तर 'कुठूनही, केव्हाही' काम सुलभ होईल. कर्मचाऱ्यांनी आपलं मत एका पानात द्यावं. ते पान लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण अशी कामं माझ्याकडेच यायची.

'केव्हाही' हा शब्द वाचून मला राहवेना. मी चालत चालतच विचार करते. त्या दिवशी कँटीन ते जिना, जिना ते कँटीन अशा चकरा मारल्या. लॅपटॉप निदान बंद करून पिशवीत टाकता येतो. फोन घरी आधीच घणघणतो. आता तिसरा पडदा उशाशी येणार, आजारपणात पांघरुणात येणार, आणि वर त्याला भेट म्हणायचं! कुणाला खरंच लागतोय तो? मी टेबलाटेबलावर जाऊन विचारलं. हिशेब करणारा मुलगा म्हणाला, "यार, लेटकर मॅच देखेंगे." चाचणी विभागातली मुलगी म्हणाली, "भाई के बच्चे को दे दूँगी." मला हवं होतं ते सगळं मिळत गेलं.

शुक्रवारी जेवणानंतर मी सगळ्यांना एकत्र केलं. आईच्या सभांमध्ये बघितलं होतं तसंच केलं. खुर्चीवर उभी राहिले नाही एवढंच. आधी बोलले. हिंदीत बोलले, चांगलं बोलले. दोन पडद्यांनी आपला दिवस खाल्ला, तिसऱ्याला आपण उरलेलं घर खाऊ देणार का, असं विचारलं. टाळ्या पडल्या. मग म्हटलं, "जिनको फिर भी चाहिए, हाथ उठाइए."

एकही हात वर गेला नाही.

काका कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज, त्याला एक पिन. डावा हात उजव्यावर ठेवलेला. थंडीचे दिवस, खिडकीबाहेर धुकं. त्या दिवसांत चंदीगडमध्ये प्रत्येक वयस्कर माणसाच्या अंगावर काही ना काही गुंडाळलेलंच असतं. मी त्यांच्याकडे बघून हसले. तेही हसले.

"काका, तुमचं?" मी तरी विचारलं.

"माझं काय, माझं चालतंय," ते म्हणाले.

मी पान हिंदीत लिहिलं. सुरुवातच तांब्याच्या वाक्यानं केली, 'आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात' असं म्हणून. शेवटची ओळ: 'सर्व कर्मचाऱ्यांनी एकमताने हा प्रस्ताव नाकारला आहे.' 'एकमताने' खाली रेघ मारली. सोमवारी ते पान फलकावर लागलं. व्यवस्थापनानं लगेच मान्य केलं. इतकं लगेच की मला जरा चुकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला जिंकल्यासारखं वाटलं.

जानेवारीत काका चार दिवस तापानं खोलीवर पडले. जाण्याआधी चारा कापायच्या यंत्राचं चित्र त्यांनी कागदावर काढून ठेवलं होतं. ऑफिसातून त्यांना फोन गेला की ते चित्र त्याच दिवशी यंत्र बनवणाऱ्यांकडे जायला हवं. मी म्हटलं, कागदावर तर तयार आहे, लॅपटॉपवर मी चढवते. त्यात काय एवढं?

तोवर त्यांची कामाची रीत मी रोज बघत होते आणि बघत नव्हते. आधी पेन्सिलीनं टाकून दिलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला चित्र. मग उभं राहून फोननं त्याचा फोटो. मग तो फोटो लॅपटॉपवर घेऊन माऊसनं एकेक रेष गिरवायची.

मी फोटो काढला. कडेच्या रेषा वाकल्या. पुन्हा काढला, कागदावर माझीच सावली पडली. तिसरा बरा आला. मग माऊस धरला. यंत्राच्या चाकाची पहिली गोलाई गिरवायला लागले. गोल जमेना. मनगट टेबलावर टेकवून, थोडं थोडं सरकवत, परत पुसत, परत ओढत. दुपार गेली. चहा आला, थंड झाला. एक चाक आणि अर्धी मूठ झाली तेव्हा माझ्या अंगठ्यापासून कोपरापर्यंत एक शीर ठणकत होती.

चित्रात अजून बावीस भाग होते, आणि काका असं रोज करत होते.

मी उठले. बसवेनाच. फलकापाशी गेले. माझं पान तिथंच होतं, 'एकमताने'खालच्या रेघेसकट. ती रेघ मी पट्टी न लावता एका झटक्यात ओढली होती, कागदावर, हातानं. किती सोपी होती.

पाचव्या दिवशी काका आले. मी त्यांना पिशवीसुद्धा ठेवू दिली नाही.

"काका, तुम्हाला हवा होता. पेनवाला टॅब्लेट. कागदावर काढल्यासारखं सरळ त्यावरच काढता आलं असतं. फोटो नको, गिरवणं नको."

"बस की आधी."

"हात का वर केला नाहीत?"

ते मफलर सोडत राहिले. मग म्हणाले, "प्रयोगशाळेत आमचे साहेब टेबलापाशी यायचे. विचारायचे, 'काय अडतंय?' मग दाखवायचं, हे हे अडतंय. ते बघायचे आणि पाहिजे ते हत्यार यायचं. तू विचारलंस, 'कुणाला पाहिजे?' पाहिजे म्हणून मी कधी हात वर केला न्हाई गं. येत न्हाई मला."

"मी तुम्हाला वेगळं विचारलं होतं."

"टाळ्या पडल्यावर विचारलंस."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेऊन टेबलावर ठेवली.

"आणि तू एवढी तळमळून बोलत होतीस," ते म्हणाले. "खरंच बोलत होतीस. ह्या पोरांच्या घरात रात्रंदिवस काम घुसतंय, ते मी बघतो न्हवं का? एकट्या माझ्यासाठी त्यात खोट कशाला काढायची?"

"मग स्वतःचा का घेतला नाहीत?"

"आपलं यंत्र ऑफिसच्या कामाला लावायला बंदी हाय. नियम हाय तो. आणि कामाचं हत्यार मालकानं द्यायचं, हे तूच लिहिलंयस. खालून तिसरी ओळ." त्यांना माझं पान पाठ होतं.

त्याच दिवशी मी दुसरं पान लिहिलं. एकाच माणसासाठी, एकाच कामासाठी. ते घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. माणूस वाईट नव्हता. त्यानं वाचलं, मग लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पडद्यावर माझं पहिलं पान होतं.

"ये आप ही का लिखा हुआ है ना?"

"हाँ जी, लेकिन..."

"एकमत से. ज्येष्ठ सहकारी वाली लाइन भी उन्हीं की है? लोटे वाली?"

"हाँ जी."

"तो मैं ऊपर क्या बोलूँ? जिनके नाम से मना किया, उन्हीं को चाहिए?"

मी भांडले. दोनदा गेले, तिसऱ्यांदाही गेले. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा सगळ्यांना गोळा केलं, या वेळी हात वर करायला सांगितले नाहीत, सह्या घेतल्या. सगळ्यांनी दिल्या. मॅनेजरनं त्या ठेवून घेतल्या. त्या पहिल्या पानातलं एकही म्हणणं मी आजही मागे घेत नाही. तिसरा पडदा शंभरातल्या नव्याण्णव जणांच्या घरात काम घेऊन शिरतो, हे आजही तितकंच खरं मानते. मला मागे घ्यायचा होता तो एकच शब्द. पण तोच शब्द लोकांना लक्षात राहिला होता.

फेब्रुवारीत काकांची चित्रं दोनदा उशिरा गेली. बँडेज आता कोपराकडे चढलं होतं. ते माऊस डाव्या हातानं धरायला शिकत होते. रेष थरथरायची, ते पुसायचे, पुन्हा ओढायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, "चालतंय, चालतंय." मार्चमध्ये करार संपला. पुढची चित्रं दुसऱ्या शहरातल्या कुणाकडून तरी करून घ्यायचं ठरलं. त्या चित्रांत हात नसतात.

शेवटच्या दिवशी दीदीनं त्यांच्यासाठी घरून पिन्नीचे लाडू करून आणले होते. गार्ड वर येऊन त्यांना मिठी मारून गेला. माझ्या टेबलाशी ते शेवटी आले. चित्र नव्हतं. रिकामा हात पुढे केला, माझ्या डोक्यावर ठेवला.

"मिरजेला जातो. पोरगा बोलवायलाय."

"काका, माझ्यामुळं..."

"गप. तू भांडलीस न्हवं का? माझ्यासाठी प्रयोगशाळेत कुणी सह्या गोळा केल्या न्हवत्या." मग दाराशी जाऊन परत वळले. "पण हे बघ, पुढच्या वेळी टेबलापाशी जा. सभेत नगं."

मी तेव्हापासून टेबलापाशी जाते. नीट झोप मात्र लागत नाही. फोन केला की ते म्हणतात नातू छान आहे, जेवण गरम आहे. हाताचं विचारलं की विषय बदलतात.

परवाच्या शनिवारी सेक्टर बावीसमध्ये गेले होते, फोनच्या चार्जरसाठी. दुकानात गर्दी होती. माझा नंबर येईपर्यंत आईचा फोन आला, तिच्याशी बोलत होते. बोलणं संपल्यावर काउंटरमागचे सरदारजी म्हणाले, "तुसीं वी महाराष्ट्र तों?"

"हाँ जी."

"ओ अंकलजी वी इसे तरां ही बोलदे सी. पट्टी वाले." त्यांनी स्वतःचं मनगट दाखवलं. मग माझा चेहरा बघून हिंदीवर आले. "हर शनिवार आते थे. ये जो डेमो वाला है ना, इसी पर घंटा-घंटा ड्रॉइंग करते थे. खड़े-खड़े. मैंने कहा, अंकलजी, स्टूल ले लो. बोले, ना, बैठ गया तो अपना लगने लगेगा."

काउंटरच्या कडेला तो टॅब्लेट होता. तारेनं बांधलेला, पेनही गुंडाळीच्या वायरनं बांधलेलं. जानेवारीत, फेब्रुवारीत, मी केबिनमध्ये भांडत होते तेव्हा ते इथं उभे राहून काढत होते.

"जाते वक्त खुद सब मिटाकर जाते थे," सरदारजी म्हणाले. "आख़िरी दिन नहीं मिटाया. मैंने भी रहने दिया. ग्राहक को दिखाता हूँ कि देखो, ऐसा भी बनता है." त्यांनी बोटानं दोनदा दाबून ते उघडलं आणि माझ्याकडे फिरवलं.

पडद्यावर एक हात होता. दुसऱ्या कुणाचा नाही. अंगठ्याशेजारचा तो पेन्सिलीचा घट्टा मी तीन वर्षं समोर पाहिलेला. यंत्र उघडून दाखवावं तसा तो उघडला होता. क्रेप बँडेज सुटून गोल गोल हवेत थांबलेलं. त्याच्या खाली पिन. पिनेखाली पेन. एका बाजूला अंगठा, एका बाजूला मनगट. सगळं ओळीत, सगळं मापात. एकही रेष थरथरलेली नव्हती. प्रत्येक भागातून एक बारीक रेष बाहेर आली होती, आणि टोकं रिकामी होती.

मागून कुणीतरी खांद्यावरून पुढे हात करून कव्हर मागितलं. सरदारजी ते काढायला वाकले. वाकल्या वाकल्या म्हणाले, "आपको लेना है क्या, मैडम? सच बताऊँ, लैपटॉप-फ़ोन है तो ज़्यादातर लोगों को इसकी ज़रूरत नहीं पड़ती."

मी वायरला बांधलेलं पेन उचललं. उभीच होते. पहिल्या रेषेपुढे लिहिलं, 'बँडेज'. दुसरीपुढे, 'पिन'. मग 'पेन'. मग 'अंगठा'. अक्षरं कागदावर उमटावीत तशी सहज उमटली. मनगटातून निघालेली रेष सगळ्यांत लांब होती, पार कडेपर्यंत गेलेली. तिच्या टोकाशी मी पेन धरून थांबले. मनगट हा शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो?

पडदा काही वेळ वाट बघत राहिला, मग आपोआप विझला. काळ्या काचेत पेन धरलेला माझा हात तेवढा दिसत होता.